महाडचे तळे आणि महाडची नगरपालिका : एका ठरावाची तेरा वर्षे

१/ दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून रायगडाकडे निघालेल्या गाड्या महाडमध्ये क्षणभर थांबतात. चहा होतो आणि गाड्या पुढे निघतात. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण पिढीला महाड ओळखीचे आहे ते दोनच कारणांनी : एक, रायगडाचा पायथा, दुसरे, २० मार्च १९२७. या दोन गोष्टींच्या मधले जे महाड, म्हणजे नगरपालिकेचे, बाजारपेठेचे, वकिलांचे आणि ठरावांच्या वहीतले महाड, त्याची कोणी चौकशी करीत नाही. प्रस्तुत धागा त्या महाडविषयी आहे.

२/ प्रचलित कथा अशी : डॉ. आंबेडकर महाडला आले, त्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि तळे सर्वांसाठी खुले झाले. दरवर्षी मार्च महिन्यात हे वाक्य हजारो चित्रांवर छापले जाते. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे. २० मार्च १९२७ रोजी तळे खुले झाले नाही. त्या दिवशी संध्याकाळ होण्यापूर्वी पाणी पिणाऱ्यांची डोकी फुटली, त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, शहरातले प्रतिष्ठित लोक न्यायालयात गेले, आणि अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

३/ ही दहा वर्षे कथेतून गळतात, ती केवळ विस्मरणाने नव्हे. ती गाळली की एका शहराची सुटका होते. खलनायक म्हणून ‘रूढी’ नावाची एक अमूर्त वस्तू उरते, आणि रूढीला नाव नसते, घर नसते, सही नसते. १९२७ च्या महाडमध्ये मात्र सह्या होत्या.

४/ प्रथम शहर समजून घेणे आवश्यक आहे. महाड हे सावित्री नदीकाठचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. वस्ती सात ते आठ हजार. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक चारशेहूनही कमी. हा आकडा पाहून ‘एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढे आंदोलन कशाला?’ असा प्रश्न काही जण आजही विचारतात. तो प्रश्न शहराची हद्द पाहतो, शहराचा उपयोग पाहत नाही. महाड हे आसपासच्या खेड्यांचे पेठेचे गाव होते, मामलेदार कचेरीचे गाव होते. खेड्यातला महार माणूस तेथे बाजाराला येई, आणि त्याहून अधिक वेळा सरकारी कामाला येई. गावकामगार म्हणून गावच्या पाटील-कुलकर्ण्याचे टपाल कचेरीत पोचविणे, वसुलाचा भरणा घेऊन येणे, ही त्याची वतनाची कामे. सरकारचा पैसा त्याच्या हातून चालत असे. पाणी मात्र चालत नसे.

५/ कोकणातल्या उन्हात कोसांवरून चालत आलेल्या या माणसाने पाणी कोठे प्यावे? बाहेरगावच्या माणसाला सहज मिळेल असे सार्वजनिक पाणी म्हणजे चवदार तळे. ते अस्पृश्यांना बंद. उरली महाडच्या अस्पृश्य वस्तीतली एक विहीर. ती पेठेपासून दूर. आणि तिची अवस्था काय होती, हे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात नोंदवून ठेवले आहे : नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे ती विहीर गाळाने भरून गेली होती.

६/ या नोंदीवर थोडे थांबले पाहिजे, कारण महाडविषयीच्या उत्साही लेखनात ती फारशी दिसत नाही. तळ्यावर जाण्यास मज्जाव हा धर्माचा प्रश्न होता, असे घटकाभर मानले तरी गाळ काढणे हा धर्माचा प्रश्न कधीच नव्हता. अस्पृश्य वस्तीतल्या विहिरीचा गाळ काढू नये, असे कोणत्याही स्मृतीत सांगितलेले नाही. तो नगरपालिकेच्या खर्चाचा, मजुरांचा आणि इच्छेचा प्रश्न होता. जातिव्यवस्था पोथीतून जेवढी चालते तेवढीच ती अंदाजपत्रकातून चालते; आणि अंदाजपत्रकातून चालते तेव्हा तिला समर्थनासाठी श्लोकही लागत नाही, नुसते विसरणे पुरते.

७/ स्थानिक संस्थेच्या दारात उभे राहण्याचा प्रयत्न महाड परिसरात १९२७ च्या पुष्कळ आधी झाला होता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले, जोतीराव फुले यांच्या विचारांच्या संस्कारातले कार्यकर्ते. ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका त्यांनी १८८८ मध्ये लिहिली. १८९५ मध्ये त्यांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली, आणि उच्चवर्णीयांत नाराजी उसळली. ज्या बोर्डाने तालुक्याचे रस्ते, शाळा, विहिरी पाहायच्या, त्या बोर्डाच्या टेबलाशी एका महाराने बसणे त्यांना रुचले नाही. तेव्हा ‘शांत महाडात बाहेरच्या लोकांनी येऊन आग लावली’ असे म्हणणाऱ्यांनी निदान १८९५ पर्यंत मागे जाऊन यावे.

८/ आता ठरावांकडे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली सर्व पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे परिपत्रक धाडले.

९/ बोले यांच्या ठरावातली युक्ती त्याच्या शब्दयोजनेत आहे. त्यात करुणेचे आवाहन नाही, धर्मसुधारणेची विनंती नाही. त्यात पैशाचा हिशेब आहे. जे सर्वांच्या पैशावर चालते ते सर्वांचे. विटाळाच्या कल्पनेशी वाद घालण्याऐवजी बोले यांनी मालकीचा प्रश्न पुढे केला, आणि मालकीच्या प्रश्नावर शास्त्री-पंडितांचे काही चालत नाही. अर्थात ठराव हा ठरावच. कौन्सिलची शिफारस नगरपालिकांना दंड करू शकत नव्हती. म्हणून बोले यांनी १९२६ च्या ऑगस्टमध्ये दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे याची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. तीन वर्षांत असा दुसरा ठराव आणावा लागतो, यातच पहिल्याचे काय झाले ते दिसते.

१०/ महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून आपल्या ताब्यातले चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, लोकांचे सुरबानाना, हे सुधारक मताचे कायस्थ प्रभू गृहस्थ. ठराव प्रामाणिक होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ठरावानंतर काय घडले? काहीच नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे. पहिला घडा बुडवणाऱ्याला मार बसणार हे सर्वांना माहीत. त्याला संरक्षण कोण देणार, याविषयी ठराव गप्प. तीन वर्षे कागदावर तळे खुले होते आणि काठावर बंद होते.

११/ येथे एका आवडत्या दाव्याचा समाचार घेणे भाग आहे. ‘इंग्रजांनी कायदा केला, म्हणून हे शक्य झाले’ हे विधान दोन्ही टोकांच्या मंडळींना सोयीचे वाटते : एकांना इंग्रजांचे श्रेय वाढविण्यासाठी, दुसऱ्यांना आंदोलनाचे श्रेय कमी करण्यासाठी. वस्तुस्थिती अशी की ठराव एका देशी सदस्याने मांडला, सरकारने तो परिपत्रकातून खाली ढकलला आणि तेथे सरकारचा उत्साह संपला. नगरपालिकेने ठराव केला आणि तेथे नगरपालिकेचा उत्साह संपला. ठरावाला तळ्यापर्यंत पायी चालत नेले ते लोकांनी.

१२/ त्या लोकांत अग्रभागी रामचंद्र बाबाजी मोरे होते. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले, आणि कदाचित म्हणूनच दोन्ही बाजूंच्या पोवाड्यांत त्यांचे नाव हळू उच्चारले जाते. मोरे याच परिसरातले. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेल्यावर त्याविरुद्ध वृत्तपत्रातून दाद मागून तो मिळविणारा हा मुलगा. बाजाराला व कचेरीला येणाऱ्या महार-चांभारांना महाडमध्ये चहा-पाणी मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुकान काढण्याच्या उद्योगातही ते होते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरावी आणि डॉ. आंबेडकरांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारावे, यासाठी खटपट करणाऱ्यांत ते प्रमुख. ‘बाहेरचे लोक’ या आरोपाचे उत्तर परिषदेच्या नावातच आहे.

१३/ १९ व २० मार्च १९२७. त्या वर्षी डॉ. आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलचे नामनियुक्त सदस्यही झाले होते. हजारो प्रतिनिधी खेड्यापाड्यांतून आले. आणि परिषदेपुढे पहिली अडचण उभी राहिली ती भाषणाची नव्हे, पाण्याची. धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविल्याप्रमाणे परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. शहराच्या मध्यभागी सार्वजनिक तळे. त्याच्या मालक संस्थेचा ते सर्वांना खुले असल्याचा ठराव. आणि त्याच शहरात पाण्यासाठी चाळीस रुपये मोजणारी परिषद. १९२४ च्या ठरावाची खरी किंमत कोणाला काढायची असेल तर ती ही.

१४/ दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण दिली आणि तो अमलात आणण्याचे आवाहन केले. परिषद उठली, रांगा धरून, शिस्तीने तळ्यावर गेली. पाणी प्याले. कोणताही कायदा मोडला गेला नाही, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. ‘सत्याग्रह’ या शब्दामुळे मिठाच्या सत्याग्रहासारखे काही कायदेभंगाचे चित्र मनात उभे राहते. महाडमध्ये २० मार्च रोजी लोकांनी कायदा मोडला नाही. नगरपालिकेच्या ठरावाचे पालन केले. ते पालन करणारे पहिले लोक ते होते, एवढेच.

१५/ दोन-अडीच तासांत अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव काठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर चालून गेला. तेथे कोणी जेवत होते, कोणी गावी परतण्यासाठी बोचकी बांधत होते. मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले. शहराबाहेर पडणाऱ्यांना वाटेत गाठून मारले. अनेकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ला करू दिला नाही. संख्येने ते तेव्हा कमी नव्हते, आणि त्यांत लष्करात राहून आलेलेही होते. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१६/ मग शुद्धीकरण. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रित्या करण्यात आल्या आणि पाणी स्पृश्यांना पुन्हा पिण्यायोग्य ठरविण्यात आले. या प्रसंगाची आज समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल होते. टिंगलीत चूक काही नाही, पण तिने एक गोष्ट झाकली जाते. घागरींचा विधी मूर्खपणाचा होता. त्यानंतर नगरपालिकेने जे केले ते मुळीच मूर्खपणाचे नव्हते. ते विचारपूर्वक, सभा भरवून, कार्यवृत्तात नोंदवून केलेले कृत्य होते.

१७/ ४ ऑगस्ट १९२७. महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा पाहावी : बोले यांचा ठराव ४ ऑगस्टचा, आणि महाडने तो बुडविला तोही ४ ऑगस्टलाच, चार वर्षांनी. योगायोग असावा. परंतु या दोन तारखांपैकी पहिली थोड्यांना ठाऊक आहे आणि दुसरी त्याहूनही थोड्यांना.

१८/ या रद्दीकरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. १९२४ पासून १९२७ पर्यंत ठराव वहीत होता आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. त्याला विरोध करण्याची निकड कोणाला भासली नाही. ज्या दिवशी त्याप्रमाणे लोक वागले, त्या दिवसापासून तो असह्य झाला. म्हणजे शहराचा विरोध समतेच्या घोषणेला नव्हता. ती घोषणा खरी मानली जाण्याला होता. कागदावर उदार असणे महाडला परवडत होते. सुधारणेचे ठराव करणाऱ्या त्या काळच्या कितीतरी छोट्या शहरांविषयी हेच म्हणता येईल. महाडची गोष्ट वेगळी ठरली ती तेथे कोणीतरी ठराव वाचून तळ्यावर गेले म्हणून.

१९/ आणि ‘नगरपालिका बिचारी काय करणार, लोकमताचा दबाव होता’ हे समर्थन? कोणाच्या लोकमताचा? तेव्हाचा नगरपालिका मताधिकार कर आणि मालमत्ता यांवर आधारलेला होता. मतदार यादीत घरवाल्यांची चलती. आणि ज्यांना तहान लागत होती ते बहुतेक खेड्यांतून येणारे, शहराच्या यादीत नसलेले. तळे ज्यांच्यासाठी सर्वाधिक आवश्यक होते त्यांना त्या सभागृहात मतच नव्हते. अशा सभागृहाच्या बहुमताला ‘लोकमत’ म्हणणे म्हणजे दाराला कुलूप लावून आत कोण कोण आहे याची मोजणी करणे होय.

२०/ डॉ. आंबेडकरांनी उत्तर म्हणून २५ डिसेंबर १९२७ पासून पुन्हा महाडला सत्याग्रह परिषद जाहीर केली. आता शहराने दुसरे हत्यार काढले. १२ डिसेंबर रोजी काही स्पृश्य रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. म्हणणे असे : हे तळे केवळ स्पृश्यांच्या वहिवाटीचे आहे, अनादिकालापासून तशी रूढी आहे, म्हणून अस्पृश्यांना मनाई व्हावी. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. मार्चमध्ये काठी, ऑगस्टमध्ये ठराव, डिसेंबरमध्ये वकील. नऊ महिन्यांत महाडच्या सनातन्यांनी आपली पद्धत बरीच सुधारली होती, हे मान्य केलेच पाहिजे.

२१/ परिषदेला मंडपासाठी जागा द्यायला शहरात हिंदू मालक तयार होईना. जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. स्थानिक व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, जे जन्माने ब्राह्मण होते. डॉ. आंबेडकरांनी आपल्या भाषणात या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. हे सर्व प्रसिद्ध आहे, त्यामुळे येथे विस्तार नको.

२२/ सहस्रबुद्धे, टिपणीस, चित्रे यांची नावे घेऊन एक युक्तिवाद नेहमी केला जातो : ‘पाहा, सवर्णही बरोबर होते, तेव्हा जातीचा प्रश्न दाखवितात तेवढा तीव्र नव्हता.’ हा युक्तिवाद या तिघांचाच अपमान आहे. प्रश्न तीव्र नसता तर त्यांच्या सोबतीला किंमत काय राहिली असती? आपल्याच शहरात, आपल्याच जातवाल्यांच्या रोषाला तोंड देऊन ते उभे राहिले. ब्राह्मणांना चळवळीतून वगळा, अशी अट ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी घातली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती फेटाळली, हेही खरे. परंतु टिपणिसांसारखा अध्यक्ष लाभूनही नगरपालिकेचा ठराव टिकला नाही. एका सज्जन अध्यक्षाने संस्था सज्जन होत नाही, हे महाडने सप्रमाण सिद्ध केलेले आहे.

२३/ डिसेंबरमधला खरा पेच मनाईहुकूमाचा होता. जमलेले लोक तुरुंगात जाण्यास तयार होते; नावनोंदणी झाली होती. जिल्हाधिकारी परिषदेत येऊन समजावून गेले. डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लोकांनी तळ्याला वळसा घालून शांतपणे मिरवणूक काढली. पाण्याला हात लावला नाही. ‘माघार घेतली’ असे तेव्हाही म्हटले गेले, आजही म्हटले जाते. पण मार्चमध्ये हे लोक कायद्याच्या बाजूने होते आणि गुंड कायद्याच्या विरुद्ध. मनाईहुकूम मोडला असता तर ही मांडणी उलटली असती, आणि दावा लावणाऱ्यांना नेमके तेच हवे होते. ज्या माणसाने आपल्या लोकांचा हक्क ‘सार्वजनिक मालमत्ता’ या कायदेशीर कल्पनेवर उभा केला होता, त्याने ती कल्पना न्यायालयात लढवायचे ठरविले.

२४/ फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम उठला. दावा मात्र चालूच राहिला. निकाल १९३१ मध्ये लागला. महाडच्या न्यायाधीशांनी मान्य केले की अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट दीर्घकाळची आहे. परंतु सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला दुसऱ्यास रोखण्याचा हक्क प्राप्त होत नाही. दावा फेटाळला. वादींनी अपील केले. १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले, आणि या वेळी कारण वेगळे होते : रूढी ‘अनादि’ असल्याचेच सिद्ध झालेले नाही. वादी उच्च न्यायालयात गेले.

२५/ १७ मार्च १९३७. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, तेच या निकालपत्राचे लेखक. उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. आधार तोच : वादी ज्या अनादि रूढीचा दावा करतात ती त्यांना सिद्ध करता आली नाही.

२६/ या निकालाचा जयघोष करताना त्याचा आधार तपासला जात नाही, ही इतिहासप्रेमींची मोठी चूक आहे. न्यायालयाने ‘सर्व माणसे समान आहेत, म्हणून तळे खुले’ असे म्हटले नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा कदाचित विचार करावा लागला असता, असे सूचित करून न्यायालयाने तो प्रश्न बाजूला ठेवला. म्हणजे महाडच्या सनातन्यांचा पराभव त्यांच्या मागणीतल्या अन्यायामुळे झाला नाही. त्यांची परंपरा त्यांना वाटत होती तितकी जुनी असल्याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून झाला. ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग जे आजही सहज वापरतात, त्यांच्यासाठी हे निकालपत्र उपयुक्त वाचन ठरेल. न्यायालयाने पुरावा मागितला आणि हजारो वर्षे काही हजर झाली नाहीत.

२७/ आणि ती परंपरा तरी कशी होती? तळ्यावर मुसलमान पाणी भरीत. गुरे पाणी पीत, पक्षी पीत. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरच्या परिषदेत नेमके यावर बोट ठेवले होते : स्पृश्यांनी जनावरांना अडविले नाही, परधर्मीयांना अडविले नाही, अडविले ते आपल्याच धर्माच्या माणसांना. ते पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार आहोत असे नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या विधानाचा आधार घेऊन काही अभ्यासक म्हणतात, महाडचा लढा प्रतीकात्मक होता, पाण्याचा नव्हताच. हे अर्धेच खरे. चाळीस रुपयांचे पाणी प्रतीकात्मक नव्हते. टपाल घेऊन कोसांवरून आलेल्या माणसाची तहानही प्रतीकात्मक नव्हती.

२८/ बोले यांच्या ठरावातली पैशाच्या हिशेबाची भाषा मात्र टिकली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे, आणि निकष दिला आहे तो राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेली किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेली ठिकाणे असा. संविधानात ‘तळी’ हा शब्द का आला, याचे नवल वाटणाऱ्याने १९२३ चा ठराव आणि १९३७ चे निकालपत्र शेजारी ठेवून वाचावे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नगरपालिकेच्या पाणवठ्याची भाषा बसली आहे.

२९/ राहता राहिले महाड शहर. तळे आज शहराचे भूषण आहे, क्रांतिस्तंभ आहे, २० मार्चला व २५ डिसेंबरला देशभरातून लोक येतात. वर्षातले हे दोन दिवस पाळले जातात. तिसरा दिवस, ४ ऑगस्ट, कोणी पाळत नाही. पराक्रमाच्या तारखा लक्षात ठेवायच्या आणि ज्या सभेत हात वर करून लोकांचे पाणी तोडले गेले तिची तारीख विसरायची, ही सवय एकट्या महाडची नाही. गडकोटांच्या लढायांचे दिवस, घटका, पळे पाठ असणाऱ्या किती जणांना आपल्या शहराच्या नगरपालिकेत पहिला दलित सदस्य कोणत्या वर्षी आला हे सांगता येईल? वस्तीला नळ केव्हा मिळाला? कोणत्या ठरावाने, आणि तो ठराव किती वर्षे वहीतच पडून होता?

३०/ १९२४ चा ठराव ते १९३७ चा निकाल : तेरा वर्षे, एक नगरपालिका, तीन न्यायालये. या सगळ्या काळात वाद झाला तो चवदार तळ्याचा. अस्पृश्य वस्तीतली ती गाळाने भरलेली विहीर त्या दाव्याचा विषय नव्हती. तिच्याविषयी ना मनाईहुकूम मागितला गेला, ना निकाल लागला. तिचा गाळ काढण्यापासून नगरपालिकेला १९२४ मध्येही कोणी अडविले नव्हते.